बारा बाटल्यांचा वाइन कूलर: थंडीत गुणी, उन्हाळ्यात नुसतं कपाट

स्पेसिफिकेशन सगळीकडे आहेत, ती परत लिहीत नाही. बारा बाटल्या, थर्मोइलेक्ट्रिक, काचेचं दार, निळा दिवा. दिवाळीच्या ऑफरमध्ये घेतला. मुद्दा फक्त तापमानाचा आहे, आणि त्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे.

एप्रिल संपता संपता पाहुणे आले म्हणून दार उघडलं, तर सेटिंग 12 अंशांचं आणि आत 22! व्हाइट वाइन 22 अंशांना पिऊन बघा. सगळी चव जाऊन नुसतं अल्कोहोल नाकात जातं. कस्टमर केअरला फोन, तक्रार क्रमांक, ‘उद्या नक्की’ असं दोनतीनदा, आणि शेवटी एक मुलगा आला. मागच्या पंख्याला हात लावून म्हणाला, “मॅडम, मशीन ओके आहे. खोली गरम आहे.” मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलंही दाखवलं: खोलीचं तापमान 25 अंशांपर्यंत असावं. पुण्यात, मे महिन्यात, वरच्या मजल्यावर! म्हणजे कूलर चालावा म्हणून आधी एसी लावायचा. बिल कोण भरणार, हे मॅन्युअलमध्ये नाही.

त्या पोराचं चुकलं नव्हतं, हे नंतर वाचल्यावर कळलं. यात फ्रिजसारखा कॉम्प्रेसर नसतो. वीज सोडली की आतल्या प्लेटची एक बाजू गार होते, दुसरी तापते, आणि ती उष्णता पंखा बाहेर फेकतो. खोलीपेक्षा दहा-पंधरा अंश कमी, एवढीच त्याची धाव. आवाज नाही, थरथर नाही, पण उन्हाळाही झेपत नाही. हे दुकानदाराने विकतानाच सांगायला हवं होतं.

आता ज्याचं श्रेय त्याला. डिसेंबर ते फेब्रुवारी हा डबा सोन्यासारखा चालला आणि व्हाइट वाइन म्हणजे काय ते मला याच्यामुळेच समजलं. आमच्या फ्रिजमध्ये 4 अंश असतात. त्या थंडीत सगळ्या व्हाइट सारख्याच, गार आणि आंबट. 11-12 अंशांवर अकलूजकडच्या फ्रॅटेली वायनरीची शार्डने घेतली (शार्डने, व्हिओनिए, सोव्हिन्यों, चेनिन ही द्राक्षांच्या जातींची नावं, वाइनलाही तीच) तेव्हा तिला अंग आहे, म्हणजे ती तोंडात भरल्यासारखी लागते, हे पहिल्यांदा कळलं. इगतपुरीजवळच्या व्हॅलोनेची व्हिओनिए उघडली की ग्लास तोंडाला लावायच्या आधीच जर्दाळूचा वास येतो. फ्रिजमधून थेट काढली तर त्यातलं काहीच येत नाही. सुलाची सोव्हिन्यों ब्लां मात्र 8 अंशांलाच बरी. तिच्यात ताज्या चिरलेल्या ढोबळी मिरचीचा वास येतो. बाटली खराब निघाली असं नवऱ्याचं मत होतं. ते द्राक्षातलंच द्रव्य आहे, पायराझिन. द्राक्ष जास्त पिकलं की कमी होतं. मला आता त्याशिवाय चुकल्यासारखं होतं.

चेनिन ब्लांला मी गोडसर म्हणून नाक मुरडायचे. सुलाने 2000 साली पहिल्यांदा बाजारात आणलेल्या वाइन्समध्ये सोव्हिन्योंबरोबर हीच होती, म्हणून केवळ मान राखून एक आणली. त्या रात्री कोळंबीचं झणझणीत कालवण होतं. तो गोडवा तिखटावर असा बसला की बाटली जेवण संपायच्या आत संपली. आता घरात कायम असते ती चेनिन. रविवारी कोथिंबीर वडीबरोबरही चालते.

मग मे महिन्यात काय केलं? पातेलं. बर्फ, तो बुडेल एवढं पाणी आणि मूठभर मीठ. नुसत्या बर्फात बाटलीला इथे-तिथे गारवा लागतो, पाण्यात सगळीकडून लागतो, आणि मिठामुळे ते पाणी शून्याच्याही खाली जातं. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. घाई नसेल तर फ्रिजमधून काढून शार्डने अर्धा तास ओट्यावर ठेवायची, सोव्हिन्यों दहा मिनिटं. उन्हाळ्यात त्याहूनही कमी. खर्च शून्य. कूलरच्या पैशात चेनिनच्या डझनभर बाटल्या सहज आल्या असत्या, हे लिहिताना हात थरथरतोय.

आणखी एक राग दुकानांवर. वाइन शॉप म्हणायचं, पण सगळा मान व्हिस्कीला. व्हाइट वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या उजेडात, उन्हाळाभर उभी. तिथे तिचं जे व्हायचं ते झाल्यावर घरचा कूलर काय दिवे लावणार? नाशिकला वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते आणि लेबलवर त्या हंगामाचं साल असतं. आपल्याकडच्या बहुतेक व्हाइट ताज्याच प्यायच्या असतात, त्यामुळे मी साल बघितल्याशिवाय घेत नाही. दुकानदार वैतागतो. वैतागू दे. दोन-तीन वर्षं जुनी बाटली तो त्याच भावात देतो, सूट मागितली तर ‘वाइन जुनी तेवढी चांगली’ म्हणतो.

थंडीसाठी साडेतीन तारे, उन्हाळ्यासाठी अर्धा. घरात कायम एसी असेल तर खुशाल घ्या, नाहीतर थोडे पैसे साठवून कॉम्प्रेसरवाला बघा. माझा सध्या बंद आहे. वॉरंटी दिवाळीपर्यंत आहे, म्हणून तक्रार मात्र चालूच ठेवली आहे.