दहावीचा वर्ग की दुग्धविज्ञानाची प्रयोगशाळा? जीवशास्त्र शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी एक तुलनात्मक आढावा

जीवशास्त्राचे शिक्षण आणि बी.एड. पूर्ण करून अध्यापनाकडे वळणाऱ्या महाराष्ट्रातील उमेदवारासमोर साधारणपणे दोन वाटा असतात. पहिली वाट माध्यमिक शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवण्याची. दुसरी कनिष्ठ महाविद्यालयातील व्यावसायिक किंवा द्विलक्षी (विज्ञान शाखेत राहून एक व्यावसायिक विषय घेण्याच्या) अभ्यासक्रमाच्या मुलांना पीकशास्त्र, मत्स्यव्यवसाय, वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्र किंवा पशुविज्ञान व दुग्धविज्ञान यांपैकी एखादा विषय शिकवण्याची. मी दहावीला बरीच वर्षे शिकवले आणि त्यानंतर एका तालुक्याच्या गावी द्विलक्षीच्या दुग्धविज्ञानाचे वर्ग घेतले. त्यामुळे ही तुलना मी त्या दोन वर्गांपुरतीच ठेवणार आहे. माझे मत आधीच सांगते. ज्याला जीवशास्त्र हा विषय मनापासून आवडतो, त्याला दुसऱ्या वाटेवर अधिक समाधान मिळेल. मात्र तिथे नोकरीची शाश्वती तपासून घ्यावी लागते, आणि एकच कृती वर्षानुवर्षे नव्या हातांकडून करून घेण्याची चिकाटीही अंगी असावी लागते.

प्रथम अभ्यासक्रम आणि गुणांची मांडणी पाहू. राज्य मंडळाच्या दहावीत विज्ञान आणि तंत्रज्ञान हा विषय दोन भागांत आहे. प्रत्येक भागाची लेखी परीक्षा 40 गुणांची असते आणि प्रात्यक्षिकाला 20 गुण असतात. जीवशास्त्राचा बहुतेक मजकूर दुसऱ्या भागात येतो. आनुवंशिकता व उत्क्रांती, सजीवांतील जीवनप्रक्रिया, प्राण्यांचे वर्गीकरण, सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख, पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान असा हा मोठा पट एका वर्षात उरकायचा असतो. पुष्कळ शाळांत याच शिक्षकाकडे पहिला भागही येतो, म्हणजे वनस्पतिशास्त्राचा पदवीधर सकाळी गुरुत्वाकर्षण शिकवतो आणि दुपारी गुणसूत्रे. द्विलक्षी विषय मात्र 200 गुणांचा असून त्यातील निम्मे गुण प्रात्यक्षिकाचे असतात. तो घेणारा विद्यार्थी विज्ञान शाखेतच राहतो, फक्त दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक विषय सोडतो. वीस टक्के आणि पन्नास टक्के या फरकाचा अर्थ कागदावर लक्षात येत नाही, वर्गात पाऊल ठेवल्यावर येतो. दहावीला प्रयोग हा धड्याचा पुरावा असतो, तर द्विलक्षीला प्रयोग हाच धडा असतो.

एकच रंजकद्रव्य दोन्ही वर्गांत कसे वापरले जाते, हे पाहिले म्हणजे हा फरक स्पष्ट होईल. दहावीच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या पाठात ताकातील लॅक्टोबॅसिलाय हे जिवाणू पाहण्याची कृती आहे. काचपट्टीवर ताकाचा थेंब पसरायचा, त्यावर मिथिलीन ब्ल्यू टाकायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. हे रंजकद्रव्य धनप्रभारित असते, म्हणून पेशीतील ऋणप्रभारित केंद्रकाम्लांना चिकटते आणि रंगहीन जिवाणू निळा दिसू लागतो. प्रत्यक्षात घट्ट ताक घेतले तर मुलांना जिवाणू दिसतच नाहीत. दिसतात ते प्रथिनांचे निळे गोळे, आणि ‘बाई, सापडला!’ म्हणून मुले त्यांच्याकडेच बोट दाखवतात. ताकात भरपूर पाणी घालून, लेप अगदी पातळ पसरून, वाळवून मग रंगवला की बारीक दंडाकृती जिवाणू, काही एकेकटे तर काही साखळीने, दिसू लागतात. साठ मुलांच्या वर्गात दोन सूक्ष्मदर्शक आणि पस्तीस मिनिटांची तासिका असेल, तर लेप वाळवून रंगवण्याचा वेळ वजा जाता प्रत्येकाच्या वाट्याला अर्धे मिनिट येते. तरीही ते अर्धे मिनिट वाया जात नाही. रोजच्या जेवणातल्या ताकात हे सगळे जिवंत आहे, हे ज्या क्षणी मुलाला उमगते त्या क्षणासाठीच दहावीचा शिक्षक वर्षभर झटत असतो.

दुग्धविज्ञानाच्या प्रयोगशाळेत तेच मिथिलीन ब्ल्यू काचपट्टीवरून परीक्षानळीत जाते. निर्जंतुक नळीत 10 मिलिलिटर कच्चे दूध घेऊन त्यात 1 मिलिलिटर द्रावण घालायचे, नळी 37 अंश सेल्सिअसच्या वॉटर बाथमध्ये (तापमान कायम राखणाऱ्या पाण्याच्या भांड्यात) ठेवायची आणि निळा रंग जाण्यास किती वेळ लागतो ते नोंदवायचे. दुधातले जिवाणू वाढताना विरघळलेला ऑक्सिजन वापरून टाकतात. ऑक्सिजन संपत आला की रंजकद्रव्याचे क्षपण होऊन ते रंगहीन होते. म्हणून जिवाणू जितके अधिक, तितका रंग लवकर उडतो. पाच तास किंवा त्याहून अधिक काळ रंग टिकला तर दूध अत्यंत चांगले, अर्ध्या तासात उडाला तर वाईट, असा हिशोब असतो. पांढरी झालेली नळी जोरात हलवली की दुधाच्या वरच्या थरात निळसर छटा परत येते, कारण हवेतला ऑक्सिजन आत मिसळतो. ऑक्सिश्वसन म्हणजे काय, हे मी फळ्यावर कितीही वेळा लिहिले असले, तरी ती परत आलेली निळाई पाहून विद्यार्थ्याला जे कळते ते फळ्यावरून कळत नाही.

या वर्गातल्या चुकीची किंमत वेगळी असते, तीही सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या वर्षांत मी मुलांना घरच्या दुधाचा नमुना आणायला सांगितला, पण तो बर्फात ठेवून आणण्याची सूचना द्यायला विसरले. एका मुलाने पहाटेच्या धारेचे दूध बाटलीत भरून आणले. ती बाटली एसटीच्या प्रवासात आणि नंतर माझ्या टेबलावर मिळून चार तास उन्हाळ्याच्या उकाड्यात राहिली. त्याच्या नळीचा रंग पाऊण तासात उडाला. बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि त्याने मान खाली घातली. त्या दुधावर त्याचे घर चालत होते. चूक माझी होती आणि मी ती वर्गात तशी सांगितली. दुसऱ्या दिवशी त्याच घरचा ताजा नमुना बर्फाच्या डब्यातून मागवून पुन्हा लावला, तेव्हा रंग चार तासांपर्यंत टिकला. दहावीला रंग नीट चढला नाही तर आपण नवी काचपट्टी घेतो आणि विषय तिथेच संपतो. इथे निष्कर्ष घरापर्यंत जातो, म्हणून नमुना कसा घेतला, कशात ठेवला, नळी कोणी धुतली, या गोष्टी सिद्धान्ताइतक्याच काटेकोरपणे शिकवाव्या लागतात.

दुसरा मोठा फरक प्रजननाच्या पाठात जाणवतो. दहावीला मानवी प्रजननसंस्था आणि मासिक पाळी शिकवायची असते. अनेक शाळांत हा पाठ घाईने उरकला जातो किंवा ‘घरी वाचून या’ म्हणून सोडला जातो. मुले मान वर करत नाहीत, मुली वही उघडून बसतात आणि शिक्षकाचाही आवाज उतरतो. दुग्धविज्ञानाच्या वर्गात हीच वयाने दोन वर्षे मोठी झालेली मुले माज, गाभण, भाकड, रेतनाची कांडी (बैलाचे वीर्य भरलेली बारीक नळी) हे शब्द सहज उच्चारतात, कारण हे शब्द त्यांच्या गोठ्यातले आहेत. गाय साधारण 21 दिवसांनी माजावर येते म्हणजे फळण्यास तयार होते, सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करावे, कांडी द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर साठवलेली असते, हे सांगताना कोणी लाजत नाही. या मोकळेपणातून जे प्रश्न येतात ते दहावीला सहसा येत नाहीत. ‘माजानंतर दोन दिवसांनी गाईला रक्त दिसले, म्हणजे तिलाही पाळी येते का?’ असे एका मुलाने विचारले होते. उत्तर देताना दोन्ही चक्रे शेजारी शेजारी मांडावी लागली. स्त्रीच्या चक्रात अखेरीस प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक घटते, गर्भाशयाचे अस्तर गळून पडते आणि त्यामुळे रक्तस्राव होतो. गाईला माजानंतर दिसणारे रक्त इस्ट्रोजेन उतरल्यावर गर्भाशयातील सूक्ष्म केशवाहिन्या फुटल्याने येते, आणि अस्तर तसे गळून पडत नाही. त्या एका प्रश्नावर अख्खा तास गेला आणि तो तास मला सार्थकी लागलेला वाटला. मानवी प्रजननाचा जो पाठ दोन वर्षांपूर्वी अर्धवट राहिला होता, तो त्या मुलांना गाईच्या निमित्ताने पूर्ण शिकता आला.

लिंगनिश्चितीबाबतही असेच घडते. अपत्याचे लिंग पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, हे दहावीचे विद्यार्थी बरोबर लिहितात. दुग्धविज्ञानाचा विद्यार्थी मात्र कालवडच होण्यासाठी मिळणाऱ्या महाग कांडीविषयी विचारतो. बैलाच्या एक्स गुणसूत्र असलेल्या शुक्रपेशीत वाय असलेल्या पेशीपेक्षा डीएनए सुमारे चार टक्के अधिक असतो आणि त्या फरकावरून पेशी वेगळ्या करता येतात, हे सांगितले की पाठ्यपुस्तकातले वाक्य आणि बाजारातली कांडी त्याच्या मनात एकत्र येतात.

दहावीचे पारडे जड कुठे आहे, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. तिथे सगळे विद्यार्थी येतात. पुढे वाणिज्य घेणारी मुलगी, आयटीआयला जाणारा मुलगा, शिक्षण सोडणारी मुले, यांच्यापैकी अनेकांच्या आयुष्यातले जीवशास्त्राचे हे शेवटचे वर्ष असते. लसीकरण, आनुवंशिक विकार, व्यसन, प्रतिजैविकांचा गैरवापर यांविषयी एखादे कुटुंब पुढे जो निर्णय घेईल, त्यात या वर्षाचा वाटा असू शकतो. दुग्धविज्ञानाच्या वर्गात इतकी व्याप्ती नाही. शिवाय व्यावसायिक शिक्षणात एक दोष हळूहळू शिरतो. मुलांना कृती पाठ होते, कारण मात्र सुटते. दुधाची ‘डिग्री’ काढण्याचेच उदाहरण घ्या. लॅक्टोमीटर दुधाची घनता दाखवतो. पाणी घातले की डिग्री उतरते, मलई काढली की चढते, आणि दोन्ही केले की डिग्री जागच्या जागी राहते. केवळ आकडा वाचायला शिकलेला विद्यार्थी इथे फसतो. स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका असतो, हे कारण ज्याला समजले आहे तो फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले इतर घन घटक) स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय निष्कर्ष लिहीत नाही. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफवर धरला जातो, हे त्याला घरीच माहीत असते. त्या आकड्यांमागचे जीवशास्त्र त्याला शाळेने द्यायचे असते. म्हणून व्यावसायिक वर्गाला कुशल तंत्रज्ञ पुरेसा नसतो. तिथे दहावीच्या उत्तम शिक्षकासारखे ‘का?’ विचारत राहणारे माणूस हवे असते, असे मला ठामपणे वाटते.

भाषेचा प्रश्नही दोन्हीकडे सारखा नाही. मराठी माध्यमाच्या दहावीत विकर, संप्रेरक, तंतुकणिका, किण्वन हे शब्द पक्के झालेले असतात. अकरावीत तीच मुले एन्झाइम, हार्मोन, मायटोकाँड्रिया, फर्मेंटेशन ऐकून गोंधळतात आणि आपण हे शिकलोच नाही असे समजतात. दुग्धविज्ञानात त्यात गावाकडच्या तिसऱ्या शब्दाची भर पडते. पाठ्यपुस्तकातला कासदाह घरी ‘दगडी’ असतो आणि डॉक्टरांच्या तोंडी मॅस्टायटिस. मी तिन्ही शब्द फळ्यावर एका ओळीत लिहीत असे. त्यासाठी पाच मिनिटे जातात, पण घरच्या गाईच्या सडातून गाठी येत असताना तो आजार आपण वर्गात शिकलेलाच आहे, हे मुलाच्या ध्यानात येते.

नोकरीविषयी थोडक्यात सांगते. माध्यमिक शाळेतील पद अनुदानित असेल तर ते तुलनेने स्थिर असते. व्यावसायिक अभ्यासक्रमातील पद त्या अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी आणि विद्यार्थिसंख्येशी जोडलेले असते, आणि प्रवेश घटले तर शिक्षक अतिरिक्त ठरण्याची भीती राहते. शाळांमध्ये नववीपासून चालणाऱ्या कौशल्य विषयांचे प्रशिक्षक बहुधा कंत्राटावर असतात. पात्रताही अभ्यासक्रमागणिक बदलते, म्हणून जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. घराची जबाबदारी एकट्यावर असेल आणि दोन्हीकडून बोलावणे आले असेल, तर अनुदानित माध्यमिक पद घ्यावे, असेच मी सांगेन. तिथे राहूनही ताकाचा लेप पातळ करता येतो आणि प्रजननाचा पाठ पूर्ण शिकवता येतो.

ज्यांना निवडीची मोकळीक आहे, त्यांनी होकार देण्याआधी दोन्ही ठिकाणी एकेक दिवस बसून पाहावे. दहावीच्या वर्गात मुले शिक्षकाला प्रश्न विचारतात की ‘हे परीक्षेला येणार का?’ एवढेच विचारतात, याकडे लक्ष द्यावे. व्यावसायिक प्रयोगशाळेत कपाटातल्या वस्तूंवर धूळ आहे का, वॉटर बाथ चालू आहे का, मुलांच्या प्रयोगवह्यांतील वाचने एकमेकांपेक्षा वेगळी आहेत की सगळ्यांची तंतोतंत सारखी आहेत, हे पाहावे. पंचवीस वह्यांत रंग उडण्याची वेळ एकच लिहिलेली असेल, तर तिथे प्रयोग झालेलाच नाही. तशा ठिकाणी रुजू व्हायचे असेल, तर पहिल्याच दिवशी प्राचार्यांकडे परीक्षानळ्या, ताजे दूध आणि आठवड्यातून एक सलग सकाळ मागून घ्यावी.