‘तुमचा हात अजून बसलेला नाही’

वापरलेले इलेक्ट्रॉनिक ड्रम किट विकत घेताना मी कसा फसलो, हे येथे सविस्तर लिहीत आहे. कारण या फसवणुकीत नवशिक्याला आपण फसलो आहोत हेच कित्येक महिने कळत नाही.

जाहिरातीत किट ‘जेमतेम वापरलेले’ असल्याचे म्हटले होते. पाहायला गेलो तेव्हा विक्रेत्याने आधीच सर्व जोडून ठेवले होते, हेडफोन माझ्या कानांवर चढवले, आवाज बराच मोठा ठेवला आणि मॉड्यूलमध्ये, म्हणजे आवाज तयार करणाऱ्या पेटीत, साठवलेल्या एका तयार गाण्यावर मला पॅड, म्हणजे ड्रमच्या जागी असलेल्या रबरी किंवा जाळीच्या चकत्या, बडवायला सांगितले. जिथे काठी पडेल तिथून भरघोस आवाज येत होता. आयुष्यात प्रथमच काठ्या हातात घेतलेल्या माणसाला याहून अधिक काय हवे असते? खोका आणि पावती घर बदलताना हरवल्याचे त्याने सांगितले, अनुक्रमांकाची चिठ्ठी खरवडलेली होती, आणि संध्याकाळी दुसरे गिऱ्हाईक येणार असल्याचा उल्लेख त्याने दोनदा केला. यांपैकी एकाही गोष्टीने मी सावध झालो नाही, हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

घरी सराव सुरू झाला. पहिला ठेका नेहमीचाच होता: हाय-हॅटवर (झांजांच्या जोडीवर) उजव्या हाताने आठ समान ठोके, पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला पायाने वाजवायचा बेस ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला डाव्या हाताने स्नेअर हा कडक आवाजाचा ड्रम. मेट्रोनोम, म्हणजे लय मोजून देणारे यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांच्या संथ लयीवर ठेवूनही माझा हाय-हॅट नेमका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला गायब होत असे. डावा हात स्नेअरवर पडला की उजवा चुकतो, असा निष्कर्ष मी काढला. नवशिक्यांची ही चूक सर्वपरिचित असल्यामुळे त्यावर शंका घेण्याचे कारणही नव्हते. दुसरी अडचण पॅराडिडल या हातांच्या सरावाच्या ठरावीक क्रमाची होती. ‘उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा’ या क्रमात प्रत्येक चौकडीचा पहिला ठोका ठसठशीत आणि बाकीचे हलके वाजायला हवेत. माझे आठही ठोके सारखेच दणदणीत येत आणि फार हलका मारला तर ठोका उमटतच नसे. विक्रेत्याला विचारले तेव्हा तो आपुलकीने म्हणाला, “तुमचा हात अजून बसलेला नाही, सहा महिने तरी द्या.” मी चार महिने दिले.

उलगडा एका परिचित वादकामुळे झाला. त्यांनी स्नेअरवर एक जोरदार आणि दोन हलके असे तीनच ठोके मारले, काठ्या खाली ठेवल्या आणि थेट मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये शिरले.

तिथे काय केले होते, ते समजण्यासाठी थोडी यंत्रणा सांगणे भाग आहे. पॅडच्या आत पिएझो नावाची पातळ चकती असते. आघात झाला की ती क्षणभर विद्युतदाब निर्माण करते आणि मॉड्यूल त्यावरून आघाताचा जोर ठरवते. वाद्ये आणि संगणक एकमेकांना जोडणाऱ्या, १९८३ साली आलेल्या मिडी पद्धतीत हा जोर १ ते १२७ या आकड्यांत मोजला जातो. माझ्या स्नेअरची चकती अर्धी निखळलेली असल्यामुळे तिचा संकेत दुबळा आणि बेभरवशाचा येत होता. विक्रेत्याने त्यावर संवेदनशीलता कमाल केली होती आणि जोराचा आलेख ‘स्थिर’ करून ठेवला होता, त्यामुळे नोंदला गेलेला प्रत्येक ठोका एकाच मोठ्या आवाजात वाजे. किट संगणकाला जोडले तेव्हा मिडीतला स्नेअरचा ३८ हा क्रमांक आणि त्यापुढे जोराचा प्रत्येक वेळी तोच एक आकडा पडद्यावर उमटू लागला. मी कसाही मारला तरी तो हलेना.

हाय-हॅटचे गौडबंगाल याहून हुशारीचे होते. रॅकचा, म्हणजे सर्व पॅड ज्यावर बसवतात त्या सांगाड्याचा, एक सांधा तडकलेला होता आणि वरून रंग फासलेला होता. त्यामुळे एक पॅड मारला की त्याची कंपने सांगाड्यातून पसरून शेजारचा आपोआप वाजे. हे झाकण्यासाठी मॉड्यूलमधील कंपनरोधक सेटिंग टोकाला नेले होते. हे सेटिंग दोन पॅड एकाच क्षणी वाजले की त्यांतील हलका ठोका खोटा समजून गाळून टाकते. म्हणजे माझा उजवा हात पहिल्या दिवसापासून वेळेवर पडत होता, आणि यंत्र तो पुसून टाकत होते.

म्हणून किट पाहताना, काही वाजवण्याआधी, विक्रेत्याच्या समोरच मॉड्यूल मूळ कारखाना-सेटिंगवर आणावे. तो ‘माझी सेटिंग जातील’ म्हणून अडवू लागला तर तिथेच व्यवहार थांबवावा. आमच्या किटवर हे केले तेव्हा स्नेअर फक्त मध्यभागी कुजबुजू लागला आणि बेस ड्रमचे पेडल दाबताच टॉम हा शेजारचा ड्रम स्वतःहून वाजला. त्यानंतर प्रत्येक पॅडवर अगदी हलक्यापासून जोरापर्यंत चढत जाणारे ठोके मारून आवाज पायरीपायरीने वाढतो का, हे ऐकावे. स्नेअरची कड वेगळी वाजायला हवी. माझी वाजत नव्हती, कारण दोन काळ्या कड्यांच्या स्टिरिओ पिनेऐवजी एकाच कड्याची मोनो केबल लावली होती. ही मात्र लबाडी होती की निष्काळजीपणा, हे मला सांगता येणार नाही.

विक्रेत्याला सर्व कळवले. “तुम्ही वाजवून पाहूनच घेतले आहे,” एवढे उत्तर आले आणि पुढे त्याने माझा क्रमांक ब्लॉक केला. पावती नसल्याने तक्रारीत दाखवण्यासारखे माझ्याजवळ फार थोडे होते.

चकती, केबल आणि सांधा आता बदलून घेतला आहे. हाय-हॅटचे आठही ठोके ऐकू येतात. पण उमटावा म्हणून प्रत्येक ठोका जिवाच्या आकांताने मारण्याची त्या चार महिन्यांत मनगटाला लागलेली सवय अद्याप सुटलेली नाही.