ब्युटाइल ट्यूब : अकरा महिन्यांनंतर

दोन आठवड्यांपूर्वी लिहिलं असतं तर या ट्यूबला शिव्याच घातल्या असत्या. साध्या ट्यूबपेक्षा ६० रुपये जादा मोजून २८ इंची सायकलच्या दोन्ही चाकांत ब्युटाइल, म्हणजे हवा जास्त दिवस धरणाऱ्या कृत्रिम रबराची ट्यूब घातली. पहिले नऊ महिने सोन्यासारखे गेले. जुन्या ट्यूबला दर तिसऱ्या दिवशी पंप मारायचो, हिला तीन आठवड्यांनी. मग मागचं चाक रातोरात बसायला लागलं. दुकानदार म्हणाला, "हवा उतरली तर गॅरंटी नाही, काका." अहो, हवा धरते म्हणूनच जादा पैसे घेतलेत ना!

भांडून घरी आलो, ट्यूब काढली, बादलीत बुडवून फिरवली. एक बुडबुडा नाही. शेवटी वॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावली. बारीक फुगा आला, फुटला, पुन्हा आला. वॉल्व्ह उघडला तर आतली वालट्यूब, म्हणजे वॉल्व्हच्या दांडीवर चढवलेली बारीक रबरी नळी, चिकट होऊन चिरलेली. ट्यूब निर्दोष होती.

ब्युटाइल रबर म्हणजे जवळजवळ ९८ टक्के आयसोब्युटिलीन नावाचं रसायन, बाकी थोडं आयसोप्रीन हे दुसरं. १९३७ मध्ये अमेरिकेत स्टँडर्ड ऑइलमधल्या स्पार्क्स आणि थॉमस यांनी ते बनवलं. त्याच्या रेणूंच्या साखळ्या इतक्या दाटीनं बसतात की हवेला पलीकडे जायला सहजी वाट सापडत नाही. म्हणून तर ट्यूबलेस टायरचं आतलं अस्तर आणि लशीच्या बाटल्यांची बुचं याच रबराच्या भाऊबंदांची असतात. एवढा गुणी माल, आणि त्याच्या तोंडाशी ऊन-तेल लागलं की खराब होणारी दोन रुपयांची नळी! कंपनीनं पाकिटात एक चांगली वालट्यूब जादा टाकली तर काय बिघडेल? हा राग माझा अजून गेलेला नाही.

पंक्चरचं एक सांगतो. हिला ठिगळ सहजी धरत नाही. आमच्या पंक्चरवाल्यानं घाईत ओल्या सोल्युशनवरच चिकटवलं, दोन दिवसांत कड सुटली. पॉलिश पेपरनं चकाकी जाईपर्यंत घासायचं, सोल्युशन लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग ठिगळ दाबायचं. घरी तसं केलं, ते आजही घट्ट आहे. पेट्रोल-रॉकेलनं मात्र पुसू नका, हे रबर फुगतं.

नवी वालट्यूब घालून नऊ दिवस झाले. रोज सकाळी अंगठ्यानं दाबून बघतो, चाक कडक. काल त्याच दुकानात गेलो, ट्यूबचा दोष नव्हता हे सांगितलं आणि चार वालट्यूब घेऊन आलो.