आकाशातला ठिपका: फुगा, शुक्र, ड्रोन की भिंगातली चमक?

तथाकथित उडत्या तबकडीचा व्हिडिओ समोर आला की दोन्ही बाजू घाई करतात. "फुगा असेल" हेसुद्धा पुराव्याशिवाय केलेलं विधानच आहे. म्हणून मी एकच कसोटी लावतो: हे स्पष्टीकरण खरं असेल तर व्हिडिओत आणखी काय दिसायला हवं?

भिंगातल्या प्रतिबिंबाचं स्पष्टीकरण तपासायला सगळ्यात सोपं. फ्रेममधल्या दिव्यापासून फ्रेमच्या मध्यातून सरळ रेषा ओढा. ठिपका मध्याच्या पलीकडे जवळपास तितक्याच अंतरावर असेल आणि कॅमेरा हलवल्यावर दिव्याच्या उलट दिशेने पळत असेल, तर विषय संपला. मात्र व्हिडिओ कडेने कापलेला असेल तर मध्यच चुकतो, तेव्हा मूळ फाइल मागाच.

शुक्राचं तसं नाही. डोळ्यांना तो ठिपकाच दिसतो, पण मोबाईलने झूम केलं की फोकस सुटतो आणि पडद्यावर थरथरणारी मोठी चकती उभी राहते. इथे आकाराकडे दुर्लक्ष करा. वेळ आणि दिशा विचारा, आणि स्टेलॅरियम या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या अॅपमध्ये त्या वेळचं आकाश पाहा. न लुकलुकता काही मिनिटांत आकाश पार करणारा आणि मध्येच विझणारा दिवा बहुधा उपग्रह असतो. तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. एका ओळीत चाललेले दिवे असतील तर आधी स्टारलिंक, म्हणजे स्पेसएक्स कंपनीचे इंटरनेट उपग्रह, तपासा. मे 2019 पासून ते असेच गटाने सोडले जातात.

कधी दोन स्पष्टीकरणं एकत्रच लागू होतात. अमेरिकन नौदलाच्या 2019 च्या व्हिडिओतले हिरवे त्रिकोण घ्या. मे 2022 मध्ये संसदेतल्या सुनावणीत नौदल गुप्तचर विभागाचे उपसंचालक स्कॉट ब्रे यांनी सांगितलं की ते ड्रोन असावेत, आणि त्रिकोणी आकार रात्रदर्शी उपकरणातून कॅमेऱ्यात टिपताना आला. "ड्रोन की भिंग" हा वादच तिथे चुकीचा होता.

सगळ्यात शिकवणारा व्हिडिओ मात्र 'गोफास्ट', अमेरिकन नौदलाच्या विमानातून 2015 मध्ये टिपलेला. समुद्रावरून काहीतरी सुसाट जाताना दिसतं. पण विमानाची उंची 25,000 फूट, कॅमेऱ्याचा खालचा कोन आणि वस्तूचं अंतर, सगळं पडद्यावरच लिहिलेलं आहे. साध्या त्रिकोणमितीने वस्तू सुमारे 13,000 फुटांवर निघते, म्हणजे पाण्यापासून खूप वर. वेग दिसतो तो बहुतांशी विमानाचा. धावत्या गाडीतून जवळचा खांब मागच्या डोंगरावरून सरकतो, तसा. नासाच्या 2023 च्या अहवालात वस्तूचा सरासरी वेग ताशी 40 मैल निघाला. त्या उंचीवर वाराच तेवढा असतो. इथे 'वाऱ्यावर तरंगणारी वस्तू' हे स्पष्टीकरण मी बिनधास्त धरेन, कारण आकडे कोणालाही पुन्हा मांडून पाहता येतात.

'गिंबल' या नौदलाच्याच दुसऱ्या व्हिडिओत एक वस्तू हवेत फिरताना दिसते. त्याबद्दल तेवढं ठामपणे बोलणार नाही. फिरतेय ती वस्तू की इन्फ्रारेड कॅमेऱ्यातली तिची चमक? चमक असेल तर ती फिरते त्या क्षणी मागच्या आकाशातले पुसट पट्टेही फिरायला हवेत, आणि ते फिरतात. त्यामुळे माझा कौल चमकेला. पण त्या चमकेमागे कोणती वस्तू होती, लांबचं जेट की दुसरं काही, हे त्या फिरण्यावरून ठरत नाही. त्यासाठी अंतर हवं, आणि 'गोफास्ट'सारखं ते या पडद्यावर नाही.