आषाढीला मागितला, कार्तिकीला मिळाला: मिरजेचा तानपुरा

आधी व्यवहार सांगते. बायकी तानपुरा, चार तारांचा, 28,000 रुपये. अक्षय्य तृतीयेला 10,000 आगाऊ दिले. "दोन महिन्यांत देतो," दुकानदार म्हणाले. आमच्या भजनी मंडळाचा आषाढीचा कार्यक्रम त्यात आरामात बसत होता. वाद्य साताऱ्याला घरी आलं ते कार्तिकीच्या आदल्या दिवशी.

दुकान मिरजेच्या सतारमेकर गल्लीतलं. तक्रारही करायची आहे, म्हणून नाव लिहीत नाही. ही मंडळी मूळची शिकलगार, हत्यारांचं काम करणारी. 19व्या शतकात फरीदसाहेब या कारागिरापासून सतारीकडे वळली. 2024 मध्ये इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मानांकनाने पॉलिश वाळत नाही.

हे मला आषाढात कळलं. तीन दिवस फोन उचलला नाही म्हणून चौथ्या दिवशी एसटी धरली आणि भांडायच्या तयारीनेच दुकानात शिरले. माझा तानपुरा भिंतीला टेकून उभा होता. तूण लाकडाची दांडी, तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी), खुंट्या, सगळं जागेवर. तारा तेवढ्या नव्हत्या. दुकानातल्या चाचांनी काही न बोलता लाखेच्या पॉलिशमध्ये बुडवलेला बोळा भोपळ्यावर फिरवला आणि "आता बघा" म्हणाले. आरशावर फुंकर मारल्यासारखी पांढरी साय हळूहळू वर आली.

"हवेतली ओल बसते, ताई. आत्ता रेटलं तर देतो उद्याच. पण पुढच्या वर्षी पापुद्रे घेऊन परत याल."

मी म्हटलं, भोपळा पंढरपूरकडचा, आणि विठोबाच्या एकादशीलाच येत नाही म्हणजे काय! चाचा हसले. मी नाही हसले. आषाढीला मोबाईलवरच्या तानपुऱ्यावर गायलो, आणि ऐन गजरात कुणाचा तरी फोन आला.

घरी सासूबाई म्हणाल्या, "अगं, देवच चार महिने निजलाय. तू कशाला त्याच्या उशाशी आदळआपट करतेस?"

श्रावणात माझं थायरॉईडचं ऑपरेशन झालं. दोन महिने आवाज असा की भाजीवाल्यालाही दोनदा सांगावं लागे. परतला तो खाली उतरून. पेटीच्या काळी पाचात गाणारी मी काळी चारवर आले. मिरजेला फोन केला (या वेळी उचलला). चाचा म्हणाले, "बरं झालं, अजून तारा चढवल्या नाहीत."

सुनेच्या मते हा योगायोग. तारा नंतरही बदलता येतात, जवारी (घोडी घासून तारेत आणलेला गुंजता नाद) पुन्हा काढता येते, थोडे पैसे जातात इतकंच. तिचं खरं आहे. पण भाद्रपदात गळ्यातून सा निघत नव्हता, तेव्हा नवाकोरा तानपुरा कोपऱ्यात उभा असता, तर त्याच्याकडे बघून मी रोज रडले असते. तो तिथे नव्हता, ही व्यवस्था विठोबाचीच, असं मी धरून चालते. म्हणून दुकानदाराचा फोन न उचलण्याचा दोष मात्र विठोबाच्या खात्यावर टाकणार नाही. त्याबद्दल पाच स्टारांपैकी एक स्टार कापलाय.

उरलेले चार कशाबद्दल, तर जवारीबद्दल. घ्यायला गेले तेव्हा चाचांनी आधी मला सा लावायला लावला. माझा आवाज कापत होता, ते थांबले. मग तारा टेकतात त्या घोडीवर कानस दोन वेळा ओढायची, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा कानस. असं दीड तास. शेवटी तारेखाली सुती धागा सरकवला. केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी खर्ज असा उघडला की दारात चहा घेऊन आलेला पोरगा तिथेच उभा राहिला.

घेणाऱ्यांसाठी: पावसाच्या तोंडावर ऑर्डर देऊ नका, दिवाळीनंतर द्या. घ्यायला जाताना जो गाणार आहे त्यानेच जा. धागे चार जास्तीचे मागून घ्या, फुकट देतात. खोळ मात्र तिथली घेऊ नका. 1,500 घेतले आणि आठवड्यात चेन तुटली. सध्या सासूबाईंच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून ठेवलाय.