स्टूल टेस्ट की कोलोनोस्कोपी: दोन्ही करून बघितल्यावर

दादाचा आतड्याचा कॅन्सर बावन्नाव्या वर्षी सापडला. शौचातून रक्त जायचं आणि घरात सगळे, मीसुद्धा, मूळव्याधच म्हणत राहिलो. त्यात आठ महिने गेले. मग तपासून घ्यायची माझी पाळी आली, तेव्हा मी बेचाळीसचा होतो.

आधी स्टूल टेस्ट केली. नव्या पद्धतीची, शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्तही शोधणारी, फिट म्हणतात ती. पथ्य नाही, सुट्टी नाही. ऑफिसला जाता जाता नौपाड्यातल्या लॅबमध्ये डबी दिली. एवढ्या सोपेपणामुळे लोक ती करतात तरी, हे तिचं मोठं काम. निगेटिव्ह आली तर मात्र दरवर्षी करायची असते.

माझी पॉझिटिव्ह आली आणि तिथेच ती मनातून उतरली. रक्त आहे एवढंच ती सांगते. कुठलं, कशामुळे, ते नाही. मलाही मूळव्याध आहे. "त्याचंच असेल, पुन्हा करून बघा," असा सल्ला मिळाला. केली, निगेटिव्ह आली. आता कुठल्या रिपोर्टवर विश्वास ठेवायचा? तीन आठवडे झोप नाही. पॉझिटिव्ह आल्यावर पुन्हा टेस्ट न करता कोलोनोस्कोपीच, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघण्याची तपासणी, करायची असते, हे मला नंतर कळलं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात एका वेळच्या फिटने सुमारे 74 टक्के कॅन्सर पकडले, पण धोक्याच्या मोठ्या गाठी जेमतेम 24 टक्के.

कोलोनोस्कोपीचा त्रास आदल्या रात्रीचा. पावडरचं ते खारट पाणी घशाखाली उतरत नाही, आणि एकच बाथरूम असेल तर घरच्यांना आधी सांगून ठेवा. प्रत्यक्ष तपासणी गुंगीत झाली, मला काही आठवत नाही. त्या दिवशी गाडी चालवायची नसते, सोबत कोणीतरी लागतं. आतड्याला इजा होण्याचा धोका असतो, पण क्वचित. माझा एक पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेली छोटी गाठ, निघाला, तिथल्या तिथे काढला. बायोप्सीत ॲडेनोमा आला, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकेल अशी गाठ. असं व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात.

कॅन्सर आतड्यापुरता असताना सापडला, तर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण अमेरिकेत सुमारे 90 टक्के आहे. लांबच्या अवयवांत पसरल्यावर सुमारे 15. दादाचा तिसऱ्या टप्प्यात सापडला. ऑपरेशन, केमो झाली, आज तो बरा आहे.

घरात कोणाला नसेल, काही त्रास नसेल आणि कोलोनोस्कोपीची धास्ती वाटत असेल, तर फिट जरूर करा, दरवर्षी करा. आई-वडील किंवा भावंडांत कोणाला असेल, तर चाळिशीत, किंवा त्यांना ज्या वयात सापडला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा, मला तरी थेट कोलोनोस्कोपीच बरी वाटते. रक्त जात असेल तर फिटवर थांबूच नका.

ऐरोलीच्या ताईची वेळ पुढच्या शनिवारची घेतली आहे. सोबत मी जाणार आहे.