गाड्या फोडणारी पोरं: बाल न्याय मंडळ की समोरासमोर बैठक?

धनकवडीतल्या आमच्या सोसायटीत एका रात्री सात गाड्या फुटल्या. आरसे गेले, सीटवर कोयत्याचे वार. सीसीटीव्हीत दिसलेली पोरं मागच्याच गल्लीतली, वय पंधरा-सोळा. पुण्यात ही वेळ कुणावरही येऊ शकते, म्हणून दोन्ही वाटा सांगतो.

पहिली वाट येरवड्याची, म्हणजे बाल न्याय मंडळाची. २०१५ च्या कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा किरकोळ. त्यात सहसा एफआयआर होत नाही. डायरीत नोंद होते आणि पोराच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे जातो. चौकशीला मुदत चार महिने, वाढवून आणखी दोन. तेवढ्यातही नाही आटोपली तर किरकोळ प्रकरण तिथंच संपतं! आटोपली तर समज, समुपदेशन, समाजसेवा किंवा दंड. सगळं पोराभोवती फिरतं. कायद्याचा हेतूच तो आहे, पण तुमचं काय गेलं हे तुमच्या तोंडून ऐकायला तिथं क्वचितच कुणाला वेळ असतो.

मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या पोर्शे प्रकरणात, अल्पवयीन मुलाच्या गाडीच्या धडकेत दोन जीव गेले असताना, जामिनासोबत ३०० शब्दांच्या निबंधाची अट आली आणि शहर भडकलं. काहींना तो 'सुधारणावादी' न्याय वाटला. मला नाही वाटत. ज्यांचं माणूस गेलं ते त्या निबंधात कुठं होते?

दुसऱ्या वाटेवर नुकसान झालेला माणूस समोर बसतो. १९७४ साली कॅनडातल्या एल्मायरा गावात दोन पोरांनी बावीस ठिकाणी नासधूस केली. त्यांना दारोदार जाऊन त्या लोकांना भेटावं लागलं, भरपाई द्यावी लागली. न्यूझीलंडने १९८९ पासून अशी कौटुंबिक बैठक कायद्यातच आणली. आपल्याकडे तशी ठरलेली पद्धत नाही. आम्ही तक्रार मागे न घेता, एका समुपदेशक बाईंना मधे घालून सोसायटीच्या ऑफिसात बसलो. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "ह्याच स्कूटरवर मी हिला डायलिसिसला नेतो." मोठा पोरगा चपलेच्या अंगठ्याशी खेळत होता, तो थांबला. "इन्शुरन्स मिळतो ना?" असं तो आधी म्हणाला होता.

मात्र नगरसेवकाच्या माणसानं घडवलेली 'मिटवामिटवी' म्हणजे ही बैठक नव्हे. ती मांडवली. तिथं तुम्ही दबता, पोरगा भाईचा होतो. पोरगा कबूलच करत नसेल, कुणावर वार झाला असेल किंवा तुम्हाला त्याची भीती वाटत असेल, तर बैठकीचं नाव काढू नका, मंडळाकडेच जा. फक्त वस्तूंचं नुकसान आणि ओळखीची गल्ली असेल, तर मी बैठकच निवडेन.

आमच्याकडे महिना पाचशे ठरले. पहिला हप्ता पोराच्या आईनं घडी केलेल्या नोटेत दिला. दुसरा आठवडाभर उशिरा आला. तिसऱ्यासाठी मला फोन करावा लागला.